कोर्टाने पाठवलेला पेशंट आणि वॉर्डातली सिस्टर

प्रश्न विचारणारी मुलगी नागपुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे मनोविकार शुश्रूषेत शिकायचं तिच्या मनात आहे. ती विचारते: गुन्ह्याचा आरोप असलेले, कोर्टाच्या किंवा जेलच्या आदेशाने मनोरुग्णालयात आलेले जे पेशंट असतात, त्यांच्या वॉर्डात नर्सचं काम नेमकं काय? ती शुश्रूषा करते की पहारा देते? आणि घरचे म्हणतात तसं हे खरंच जिवावरचं काम आहे का?

बेटा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घरच्यांची भीती निवळल्याशिवाय बाकीच्या गोष्टीत मन लागणार नाही. मारहाण होते. शिव्या तर रोजच्याच. थप्पड, ओरखडा, चावा कधी ना कधी वाट्याला येतो आणि क्वचित गंभीर इजाही होते. हे लपवून तुला या कामात ओढणं बरोबर नाही. पण ज्याच्यावर खुनाचं कलम आहे तोच वॉर्डातला सगळ्यात धोक्याचा पेशंट, हा समज चुकीचा आहे. कलमावरून तो आज संध्याकाळी काय करेल ते कळत नाही. रात्री झोपला का, जेवला का, कोणाला घाबरून आहे, गोळी पोटात गेली का, यावरून कळतं. संशयाच्या आजारात बायकोवर कुऱ्हाड चालवलेला माणूस औषधाने स्थिरावला की वर्षानुवर्षं कोणाला बोटही लावत नाही. आणि साध्या चोरीच्या केसमधला, दारू अचानक तुटलेला पोरगा दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भ्रमात जाऊन खिडकीच्या काचा फोडतो. दुसऱ्यासाठी तयारी नसते, म्हणून तिथेच माणसं जखमी होतात.

आता शुश्रूषा की पहारा. पहाऱ्याला दाराशी पोलीस गार्ड असतो, त्याच्या ड्युटीचं रजिस्टर वेगळं. आपलं काम शुश्रूषेचंच. पण या वॉर्डातली सुरक्षितता बऱ्याच अंशी चांगल्या शुश्रूषेतूनच येते, आणि मला तुला मुख्य सांगायचं आहे ते हेच. चोवीस तास पेशंटजवळ असतात त्या नर्सेस आणि त्यांच्यासोबतचे कक्षसेवक. डॉक्टर राउंड घेऊन जातात, मानसशास्त्रज्ञ चाचणी घेतात, समाजसेवा अधीक्षक घरच्यांना फोन लावतात, न्यायाधीशांना तो तारखेपुरता दिसतो. रात्री अडीच वाजता भिंतीकडे तोंड करून तो कोणाला उत्तरं देतो, हे फक्त आपल्याला ठाऊक असतं. पेशंट ओळखीचा झाला की बिघाडाची चाहूल लवकर लागते, आणि चाहूल लवकर लागली की हात उगारायची वेळच येत नाही.

इंग्लंडमध्ये अशा पेशंटांसाठी वेगळी सुरक्षित रुग्णालयं आहेत. त्यातलं ब्रॉडमूर 1863 सालचं. उच्च, मध्यम आणि कमी अशा तीन पातळ्यांवर तिथे ही सेवा चालते. तिथल्या नर्सेसना सुरक्षेचे तीन भाग शिकवतात. भिंत, कुलूप, कॅमेरा हा एक. झडती, मोजणी, नियम हा दुसरा. स्टाफला प्रत्येक पेशंटची असलेली जाण आणि दोघांमधलं नातं हा तिसरा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोठ्या मनोरुग्णालयातला एखादा बंद वॉर्ड या पेशंटांसाठी असतो, नाहीतर जेलच्या दवाखान्यातच उपचार चालतात. इमारती जुन्या, माणसं कमी. त्यामुळे पहिल्या दोन भागांत जे उणं पडतं ते आपल्याला तिसऱ्यातून भरून काढावं लागतं.

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 सालचं, 940 खाटांचं. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी ही राज्याची बाकीची जुनी मनोरुग्णालयं, आणि विदर्भाचा भार नागपूरवर. शिवाय आपलं स्टेशन मोठं जंक्शन. रेल्वेने भरकटत आलेली, कुठली आहेत हे न सांगता येणारी माणसंही पोलिसांना इथेच सापडतात. वॉर्डात वऱ्हाडी, झाडीबोली, छत्तीसगडी, हिंदी आणि गोंडी एकाच वेळी ऐकू येतात. गोंडी बोलणारा पेशंट दोन दिवस गप्प राहिला म्हणून फाइलीत ‘मूक’ असा शेरा पडू शकतो, आणि त्याची भाषा बोलणारा कक्षसेवक ड्युटीवर आला की तो घडाघडा बोलू लागतो. असा दुभाष्या शोधणं हेही नर्सचंच काम आहे.

‘कोर्टाचा पेशंट’ म्हणून आपण निरनिराळ्या माणसांना एकाच ओळीत बसवतो, ते टाळ. मॅजिस्ट्रेटने मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 102 खाली तपासणीसाठी पाठवलेला माणूस गुन्हेगार नसतोच, आणि त्या आदेशावर त्याला जास्तीत जास्त दहा दिवस ठेवता येतं. दुसरा असतो कच्चा कैदी: खटला चालू आहे, पण आपल्यावरचा आरोप समजून घेऊन वकिलाशी बोलण्याइतकी त्याची मनःस्थिती आहे का, हे कोर्टाला कळायला हवं. तिसरा शिक्षा भोगताना जेलमध्ये आजारी पडलेला. त्याच्यासाठी कलम 103 आहे. आणि चौथा, घटनेच्या वेळी आजारामुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हेच कळत नव्हतं म्हणून निर्दोष सुटलेला. हा नियम इंग्लंडमधल्या 1843 च्या मॅकनॉटन खटल्यापासून चालत आला. आपल्या दंड संहितेत तो कलम 84 होता, आता भारतीय न्याय संहितेत कलम 22 आहे. चौघांचे हक्क वेगळे, मुदती वेगळ्या, कोर्टाने विचारलेले प्रश्नही वेगळे. चार्ज घेताना फाइलीतला मूळ आदेश स्वतः वाच. तोंडी हँडओव्हरमध्ये ‘मर्डरचा पेशंट’ एवढंच कानावर येतं आणि ते अनेकदा अर्धवट असतं.

दुसऱ्या आणि चौथ्यात लोक फार गल्लत करतात. घटनेच्या दिवशी मन कसं होतं हा एक प्रश्न, आज खटल्याला उभं राहता येईल का हा वेगळाच. पहिल्याचं उत्तर वर्षभरापूर्वीच्या घटनांत शोधावं लागतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र आपल्या डोळ्यांसमोर असतं आणि तिथे नर्सच्या नोंदीला मोल आहे.

म्हणून नोंदीबद्दल जरा सविस्तर लिहिते. ‘रुग्ण शांत. औषधे दिली. तक्रार नाही.’ या तीन वाक्यांनी आपल्याकडच्या हजारो फाइली भरल्या असतील, आणि त्यातून कोणालाही काही कळत नाही. शांत म्हणजे झोपलेला, की कोपऱ्यात न हलता बसलेला, की कोणी ऐकतंय या भीतीने बोलणं टाकलेला? त्याऐवजी असं लिही: ‘रात्री 2.10. पलंगावर बसून डावीकडे बघत बोलत होता. “मी नाही येत” असं तीन वेळा म्हणाला. हाक मारल्यावर दचकला, नाव बरोबर सांगितलं, पाणी प्यायला. 2.40 ला झोपला.’ यात आपलं मत कुठेच नाही, पण डॉक्टरांना भास आहेत हे कळतं आणि तो भानावर होता हेही कळतं. त्याचे शब्द त्याच्याच बोलीत लिही, शुद्ध करू नकोस. ‘भ्रमिष्ट’, ‘नाटकी’, ‘वाईट चालीचा’ असले शब्द नोंदीत नकोत. ते कागदावर राहतात आणि कधीतरी कोर्टात मोठ्याने वाचले जातात, तेव्हा त्या माणसाची आई तिथे बसलेली असते.

नाटक करणारे असतात का? असतात. डॉक्टर समोर आले की वेड्यासारखं करायचं आणि ते गेले की कॅरम मांडून पॉइंट चोख मोजायचे. पण उलटही तितकंच घडतं, आणि ते ओळखायला जास्त कठीण. आजार लपवणारा माणूस डॉक्टरांना ‘आता काही ऐकू येत नाही साहेब’ म्हणतो आणि ताटातलं अन्न मात्र शेजाऱ्याने खाल्ल्याशिवाय तोंडात घालत नाही. हे दिसतं फक्त जेवण वाढणाऱ्याला. तू दोन्ही लिहायचं, आणि निष्कर्ष मनोविकारतज्ज्ञांवर सोडायचा.

एक मर्यादा मात्र पक्की ठेव. आपण तपास अधिकारी नाही. ‘त्या दिवशी काय झालं?’ हे कुतूहलापोटी कधीही विचारू नकोस. पेशंट आपणहून बोलायला लागला तर आधीच सांग की भाऊ, तुम्ही सांगाल ते मला उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावं लागेल. गोपनीयतेचा हक्क त्यालाही आहे. त्याला अपवाद कायद्यातच दिले आहेत, जसं दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश. आणि वर्तमानपत्रवाल्याचा, यूट्यूबवाल्याचा फोन आला तर पेशंट इथे आहे एवढंही बोलायचं नाही.

पुढच्या चोवीस तासांत कोण बिघडणार, याचा अंदाज घ्यायला नॉर्वेत तयार झालेली ब्रोसेट यादी मी नव्या मुलींना पाठ करायला लावते. सहाच खुणा आहेत: गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरड-धसमुसळेपणा, तोंडी धमकी, अंगावर धावून जाणं, वस्तूंची आदळआपट. दर पाळीला प्रत्येक खूण आहे की नाही एवढंच बघायचं. एरवी सदैव मोठ्याने बोलणारा पेशंट आजही मोठ्याने बोलतो म्हणून गुण द्यायचा नाही, नेहमीपेक्षा वाढलं असेल तरच द्यायचा. पुन्हा ओळखीवरच आलो. दोनपेक्षा जास्त खुणा झाल्या की थांबायचं नाही, इनचार्ज आणि डॉक्टरांना कळवून पाळीतल्या सगळ्यांनी मिळून काय करायचं ते ठरवायचं.

बिघाड हवेतून येत नाही. या वॉर्डात तो बहुतेक वेळा वाईट बातमीतून येतो. जामीन फेटाळला, तारीख पुढे गेली, गार्ड मिळाला नाही म्हणून पेशी हुकली, राखीला बहीण आली नाही. इंग्लंडमध्ये नर्सिंगचे प्राध्यापक लेन बोवर्स यांनी ‘सेफवॉर्ड्स’ नावाने काही साध्या कृती 31 वॉर्डांत अभ्यासल्या. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भांडणं-हल्ल्यांसारखे प्रसंग 15 टक्क्यांनी घटले, बांधणं-जबरदस्तीचं इंजेक्शन वगैरे 26.4 टक्क्यांनी. त्यातली एक कृती अशी: वाईट बातमी पेशंटला कुठून कळणार आहे ते आधी हेरायचं, ती नीट सांगायची आणि नंतर त्याच्याजवळ राहायचं. याला पैसा लागत नाही. पेशीवरून परतलेल्या पेशंटला आधी पाणी आणि राहिलेलं जेवण दे, दुपारची चुकलेली गोळी डॉक्टरांना विचारून दे, मग विचार, ‘काय झालं जी कोर्टात?’ झडती घ्यायचीच आहे, ती घ्यायची पद्धत तेवढी माणसासारखी ठेव.

नागपूरच्या वॉर्डाचं वेगळं प्रकरण म्हणजे खर्रा, सुपारी-तंबाखू घोटून केलेला. बाहेरच्यांना हसू येईल, पण बंद वॉर्डात खर्रा म्हणजे पैसा असतो. एखादा कर्मचारी दयेपोटी पुडी आणून देतो, मग पुडीच्या बदल्यात झोपेची गोळी, गोळीच्या बदल्यात बाहेर चिठ्ठी, आणि उधारी थकली की बाथरूममध्ये मारामारी. जिभेखाली लपवलेल्या गोळ्यांतही सगळ्यात जास्त मागणी ट्रायहेक्सिफेनिडिलला (मनोविकाराच्या औषधांनी येणाऱ्या कडकपणावरची गोळी), कारण तिची नशा होते. म्हणून गोळी देताना समोर पाणी प्यायला लाव, दोन वाक्यं बोलायला लाव, मगच पुढच्या पलंगाकडे जा. भेट म्हणून रुमाल, फोन नंबर, ‘एवढी चिठ्ठी घरी टाका ना सिस्टर’ यातलं काहीही घ्यायचं नाही. नकार कोरडा नसावा, पण दरवेळी तोच असावा.

आणि बिडीचा एक मुद्दा पुस्तकात बारीक अक्षरात असतो. क्लोझापिन या मनोविकाराच्या औषधावर असलेला पेशंट बिडीचा धूर घेत असेल तर ते औषध शरीरातून लवकर निघून जातं. बिडी चालणाऱ्या ठिकाणाहून तो आपल्या धूम्रपानबंद वॉर्डात आला की तोच डोस आठवड्याभरात जड पडतो. दिवसभर गुंगी, तोंडातून लाळ, कधी फिट. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखूचा नाही. म्हणजे बिडी सोडून खर्रा धरला तरी तेच. दाखल करताना ‘व्यसन: तंबाखू’ असं मोघम लिहू नकोस. बिडी किती, खर्रा किती, शेवटची कधी, ते लिही. क्लोझापिन सुरू असेल तर रक्त तपासणीची तारीख (पहिले 18 आठवडे दर आठवड्याला) आणि शौचाला झालं की नाही, हे दोन्ही तुझ्या चार्टवर हवं. त्या औषधाच्या बद्धकोष्ठाने माणसं दगावतात.

आपला मे महिना तर या वॉर्डासाठी स्वतंत्र आजारच समज. पारा 45 च्या पुढे जातो. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमवरचा पेशंट पाणी कमी प्यायला, घाम गेला, जुलाब झाले, की लिथियम रक्तात साचतं. हात थरथरणं वाढलं, जीभ अडखळली, चालताना तोल गेला, तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून कांदा हुंगवत बसू नकोस, डोस थांबवून डॉक्टरांना बोलाव. अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक देण्याआधीही लिथियम आहे का ते बघ. त्या गोळ्यांनी पातळी आणखी चढते. ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम येणं कमी होतं, त्यामुळे तो पेशंट बाकीच्यांच्या आधी तापतो. आणि मनोविकाराच्या औषधांवर असलेल्या कोणालाही ताप, अंग कडक होणं आणि बरळणं एकत्र दिसलं तर उष्माघात समजून नुसतं ओलं फडकं ठेवून भागत नाही. अंग थंड करणं चालू ठेव, पण ती त्या औषधांचीच जीवघेणी प्रतिक्रियाही असू शकते, हे डॉक्टरांना त्याच फोनवर सांग. कोर्टात नेताना तर बघच: लॉकअपमध्ये पाणी मिळेल याची खात्री नसते. पाण्याची बाटली, ओआरएस आणि औषधांची चिठ्ठी गार्डच्या हातात देऊन त्याला दोन मिनिटं समजावून सांग.

बांधण्याबद्दल कायदा अगदी स्पष्ट आहे. 2017 च्या कायद्याचं कलम 97 म्हणतं की पेशंटला एकांतात कोंडायचं नाही. शारीरिक बंधन फक्त तेव्हाच, जेव्हा समोर उभा असलेला धोका टाळायला दुसरा मार्गच नाही आणि प्रभारी मनोविकारतज्ज्ञांनी परवानगी दिली आहे. शिक्षा म्हणून नाही. स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही, हे शब्द कायद्यातच आहेत. कारण, पद्धत, वेळ लगेच नोंदवायची, नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटच्या वतीने मदत करायला नेमलेल्या व्यक्तीला) 24 तासांत कळवायचं. साखळदंडावर कलम 95 ने सरसकट बंदी आहे. 2001 साली तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका आश्रमाला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली 28 माणसं जळून मेली, हे या देशातल्या प्रत्येक मनोविकार नर्सला माहीत असलंच पाहिजे. पोलीस गार्ड पेशंटला बेडीने पलंगाला अडकवतो तेव्हा आपण ‘तो त्यांचा विषय’ म्हणून वळायचं नाही. गार्डशी भांडायचंही नाही. परिसेविकेला (वॉर्डच्या प्रमुख सिस्टरला) आणि डॉक्टरांना तिथल्या तिथे कळवायचं, नोंद करायची, रुग्णालयाने लेखी बोलायचं.

धरण्याची वेळ आलीच तर पेशंटला पालथं पाडून पाठीवर किंवा छातीवर कोणीही बसायचं नाही. श्वास अडकून माणूस मरतो, आणि तो धडपडत असतो ती सुटण्यासाठी नव्हे, श्वासासाठी असू शकते. एकाने फक्त डोक्याजवळ राहून चेहरा, ओठांचा रंग आणि श्वास बघायचा आणि पेशंटशी बोलत राहायचं. भास-भ्रमावरचं हॅलोपेरिडॉल दिल्यावर मान एका बाजूला वळली, डोळे वर चढले, तर ‘नखरे करतोय’ म्हणणारे भेटतील. तो औषधाचा परिणाम आहे, फार वेदना होतात, आणि योग्य इंजेक्शनने थोड्याच वेळात उतरतो. पेशंट पुढे तुझ्यावर विश्वास ठेवेल की नाही, हे त्या अर्ध्या तासात ठरतं.

एक पेशंट सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदलून. शेतमजूर बाई, बाळंतपणाला महिनाही झाला नव्हता. बाळंतपणानंतरच्या तीव्र मनोविकारात तिला वाटलं, हे लेकरू आपलं नाही, कोणीतरी बदलून ठेवलंय. लेकरू तिच्या हातून गेलं आणि ती जेलमार्गे आमच्याकडे आली. फाइलीवर कलम होतं, आरोपी क्रमांक होता, पण ती ओली बाळंतीण आहे हे कोणत्याच कागदावर ठळक नव्हतं. रात्रपाळीच्या सिस्टरला तिच्या गाऊनवर दुधाचे डाग दिसले. हात लावला तर छाती दगडासारखी घट्ट, अंगात ताप. ती वेदनेने कण्हत होती आणि आम्ही तिला अस्वस्थ रुग्ण म्हणून बघत होतो. थंड घड्या, डॉक्टरांना फोन, तापाचं औषध, एवढ्याने ती पहिल्यांदा झोपली. सकाळी उठून तिने विचारलं, ‘माहं लेकरू कुठं हाये जी?’

अशा वेळी काय उत्तर द्यायचं, हे एकट्या नर्सने ठरवू नये. ‘घरी आहे’ असं खोटं बोलायचं नाही आणि सगळं एका दमात तिच्यावर ओतायचंही नाही. ‘तुम्ही बऱ्या होताय, डॉक्टर आणि मी मिळून तुमच्याशी बोलणार आहोत’ असं आम्ही म्हणालो आणि ते पाळलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिच्या ओळखीची सिस्टर शेजारी होती आणि ती पाळी संपेपर्यंत तिथून हलली नाही.

लक्षात ठेव, धोका इथून पुढे वाढतो. आजार उतरू लागला, भान आलं, की आपल्या हातून काय झालं ते कळतं. घरातल्याच माणसाचा जीव गेलेल्या पेशंटांत आत्महत्येची भीती सगळ्यात जास्त याच काळात, आणि नेमक्या याच काळात वॉर्ड म्हणतो, ‘सुधारली आता, लक्ष कमी केलं तरी चालेल.’ उलट करायचं. ओढणी, नाडी, बाथरूमची खुंटी, पहाटेची वेळ, गोळ्या साठवणं, यावर नजर वाढवायची. आणि नजर म्हणजे दारातून डोकावणं नाही. तिच्याजवळ बसून वाती वळता येतात, वेणी घालता येते. त्या वॉर्डात बाकीच्या बायका तिला ‘लेकराले मारलं हिनं’ म्हणून टोचायच्या, जेवताना उठून जायच्या. ते थांबवणं, तिच्या शेजारी आधी स्वतः बसून जेवणं, हाही तिचा उपचारच होता.

घरच्यांचं दुःख तर निराळंच. या पेशंटांच्या बाबतीत घरचे अनेकदा फिर्यादीही असतात आणि नातेवाईकही. बापाचा जीव घेणाऱ्या मुलाला भेटायला आई येते, गडचिरोलीच्या आतल्या गावाहून दोन एसट्या बदलून. तिला भेटीआधी दहा मिनिटं आपल्याजवळ बसव. तो आता कसा दिसतो, औषधाने जाड झालाय, हात थरथरतात, हे आधी सांग. ती विचारते, ‘थो जेवते का बरोबर?’ भावांना न सांगता आलेली असते. तिला तिच्या मुलाचा आजार समजावून सांगणारं आयुष्यात पहिलं माणूस बहुधा तूच असशील.

आणि बरे झालेले विसरले जाऊ नयेत, हीही आपलीच जबाबदारी. आसामच्या माचांग लालुंगला 1951 साली अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. 1967 मध्ये रुग्णालयाने तो बरा असल्याचं कळवलं, तरी खटला न चालताच तो 2005 पर्यंत कोठडीत राहिला. 54 वर्षं. कोणीही त्याच्यावर मुद्दाम अन्याय केला असं नाही, त्याचा कागद कोणी पुढे सरकवला नाही. वॉर्डात एक साधं रजिस्टर ठेव: पेशंट, आदेशाची तारीख, पुढची पेशी, कोर्टाला अहवाल कधी गेला, वकील आहे का. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत त्याला मिळते. विधी सेवा कायद्यात मनोरुग्णालयातल्या बंदिस्त माणसाचा त्यासाठी वेगळा उल्लेख आहे. अहवालावर सही डॉक्टरांची असते, पण ‘सर, सात नंबरचा रिपोर्ट राहिलाय’ हे आठवण करून देणारी सिस्टर नसेल तर सात नंबर तिथेच राहतो. सुटका झाली की बरेच दिवस पुरणारं डेपो इंजेक्शन गावाजवळ कुठल्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात मिळणार, पुढची तारीख कोणती, हे कागदावर लिहून घरच्यांच्या हातात दे.

आता तुझ्यापुरतं. लगेच बंद वॉर्ड मागू नकोस. पदवीनंतर वर्षभर जनरल मेडिसिन किंवा कॅज्युअल्टी कर, कारण या पेशंटांना शुगर, क्षयरोग, फिट, सगळंच असतं आणि ‘मेंटल’ म्हणून त्यांच्या पोटदुखीकडे कोणी बघत नाही. मग मनोविकार शुश्रूषेचा पदविका किंवा एम.एस्सी.चा अभ्यासक्रम घे. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) प्रवेश मिळाला तर आई-बाबांना मी स्वतः समजावीन. नोकरीच्या ठिकाणी रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचार: रात्री एका वॉर्डात किती नर्सेस असतात, मदतीला बोलवायची सोय काय, आणि स्टाफवर हल्ला झाला तर त्याच दिवशी कोण त्यांच्याजवळ बसतं. तिसऱ्या प्रश्नाला इनचार्जकडून नीट उत्तर आलं, तर तिथे रुजू हो. आई-बाबांनाही तेच उत्तर सांग.